सव्वाचारचा वॉल्ट्झ

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता सेडलिना हॉल रिकामा झाला. नाच संध्याकाळी सातपर्यंत चालायचा होता. भांडण नाही, आग नाही. लोक उठले आणि निघाले.

एलोइसा बारिएंतोस त्या वेळी मंचावर होती. गळ्यात अकॉर्डियन, डोळे मिटलेले, ओठांवर तीन मात्रांचा स्पॅनिश वॉल्ट्झ. समोरच्या लाकडी फरशीवर जोडपी नेहमीसारखी एकाच दिशेने गोल फिरत होती. दुसरं कडवं झालं तेव्हा दाराजवळून जाणारं एक जोडपं गोलातून सुटलं आणि भिंतीच्या खुंटीवरची टोपी काढून बाहेर पडलं. मग त्याच्या मागचं. रिळावरून दोरा उलगडावा तसा तो अख्खा गोल दारातून उलगडत गेला. गाणं संपवून एलोइसाने डोळे उघडले तेव्हा मंचावरचे चौघे, बारमागची मुलगी आणि टेबलावर डोकं टेकून झोपलेला एक म्हातारा, एवढेच आत होते.

तिला वाटलं, बाहेर काहीतरी झालं. अकॉर्डियन तसंच छातीवर घेऊन ती दारात आली. आवारात लोक आपापल्या ट्रकांपाशी उभे होते. ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावणारा हात झटकत होता.

"अहो, पण उन्हं अजून डोक्यावर आहेत," एक म्हातारी नवऱ्याला म्हणत होती.

"वॉल्ट्झ झाला ना? मग बस गाडीत."

"चार वाजलेत फक्त."

"तुझं घड्याळ मेलं असेल. वॉल्ट्झ झाला म्हणजे झाला."

म्हातारी गाडीत बसली. दोन-तीन जण मात्र पुन्हा हॉलकडे बघत घुटमळले. आत परत जावं असं त्यांच्या मनात होतं, पण निरोप घेऊन झाल्यावर पुन्हा पाहुणचाराला बसायला जसं ओशाळं वाटतं, तसं त्यांना वाटत असावं. शेवटी तेही गेले.

हॉल सांभाळणारी अल्बिना मिगल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सत्तरी ओलांडलेली बाई. हातात कोलाचेंचा मोठा ट्रे, जर्दाळूचा गोड मुरंबा भरलेले ते मऊ पाव नुकतेच भट्टीतून निघालेले.

"हे आता मी कुणाला घालू?" ती म्हणाली. "तुझ्या ड्रमवाल्याला?"

"मिस अल्बिना, काय झालं? लोक का गेले?"

"तू घालवलेस म्हणून गेले. दुसरं काय?"

टेक्सासच्या या भागात चेक लोकांची वस्ती जुनी. हॉल त्यांच्या पणजोबांनी बांधला, आणि रविवारच्या नाचाला चाळीसेक वर्षं एकच बँड वाजवत आला: एर्विन मिगल आणि मंडळी. एर्विन म्हणजे अल्बिनाचा दीर. मंडळींतले बरेचसे आता हॉलच्या मागच्या कबरस्तानात होते, उरलेल्यांना जिना चढवत नव्हता. तरुण पोरं हायवेवरच्या बारमध्ये जायला लागली होती. तेव्हा हॉलच्या कमिटीने मन घट्ट करून एलोइसाच्या बँडला तीन रविवार दिले. पसंत पडलं तर रविवार कायमचा तिचा. सव्वाचारला रिकामा झाला तो तिसरा.

तिचा बँड हाँकी टाँकचा. म्हणजे बिअरच्या ग्लासाशी बसून रडायची गाणी, पण ठेका असा की रडणाऱ्याचे पायही टेबलाखाली हलत राहतात. अर्धी गाणी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश. अकॉर्डियन तिच्या आजोबांचं. स्टील गिटार वाजवायचा सीफस व्हिटलो, साठीचा कृष्णवर्णीय गृहस्थ. त्याच्या चर्चमध्ये ऑर्गनऐवजी स्टील गिटार वाजते, आणि पोरवयापासून तो ती वाजवत आला होता. रविवारी सकाळी चर्च आटोपून तो त्याच सुटात हॉलवर यायचा, फक्त टाय काढून खिशात घालायचा. ड्रम आणि बास गिटारवर दोघे सख्खे भाऊ, होसे आणि बेतो. चार वर्षं हे चौघे एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये वाजवत फिरत होते. भावांना ह्यूस्टनच्या एका बँडने बोलावलं होतं. रविवार मिळाला तर थांबतो, असं त्यांनी एलोइसाला सांगितलं होतं. नाही मिळाला तर काय, हे सांगायची गरज नव्हती.

पहिले दोन रविवार चांगले गेले होते. पहिल्या दिवशी हाताची घडी घालून बसलेले म्हातारे दुसऱ्या गाण्याला उठले. "हा बाजा तर आपलाच की गं," असं एकाने बायकोला मोठ्याने सांगितलं होतं, आणि तो अकॉर्डियनबद्दल बोलत होता.

या हॉलचा नाच एका ठरलेल्या वॉल्ट्झवर संपतो. तो वाजला की माणसं टोप्या घालतात, बायका पर्स उचलतात, नाचत नाचत दारापर्यंत जातात आणि तिथून बाहेर. तो वॉल्ट्झ बँड वाजवत नाही. एर्विन एकटा उठतो आणि आपल्या पितळी हॉर्नवर वाजवतो. पहिल्याच दिवशी अल्बिनाने एलोइसाला सांगितलं होतं, "शेवटचं आमचं आम्ही बघतो. तुम्ही तेवढ्यात सामान उचला." म्हणून दोन्ही रविवारी त्या वेळी बँडवाले मागच्या दाराने स्पीकर ट्रकमध्ये चढवत होते. आत काय वाजलं ते एलोइसाच्या कानांवर पडलं असेलही; तिचं लक्ष ताडपत्रीच्या दोरीकडे होतं.

तिसऱ्या रविवारी तिने आजोबांचा वॉल्ट्झ काढला. तिच्या घरात तो लग्नातला पहिला नाच. वर-वधू त्यावर फरशीवर उतरतात आणि मग रात्रभराचा नाच सुरू होतो. दोन रविवार तिने तो मुद्दाम राखून ठेवला होता. शब्द स्पॅनिश. चाल एर्विनच्या वॉल्ट्झचीच. जवळजवळ सूर न् सूर तीच, हे तिला अल्बिनाच्या तोंडून कळलं.

"पण तुम्हाला तर दिसत होतं ना लोक निघालेत ते?" ट्रकमध्ये सामान चढवताना तिने सीफसला विचारलं. "मी डोळे मिटले होते. तुम्ही तर उघडे ठेवून वाजवता."

"दिसत होतं."

"मग?"

"मग काय. लोक उठले. चर्चमध्ये लोक उठले की मी त्यांना ओढून बसवत नाही, पोरी. दारापर्यंत पोचवतो. पास्टरने हात वर केला की स्टील हळू करायची, गोड करायची, शेवटचा माणूस पायरी उतरेपर्यंत सूर सोडायचा नाही. हात आपोआपच तसा गेला."

"म्हणजे मी त्यांना उठवलं आणि तुम्ही घरी पोचवलं."

"अगदी घरी. मी चांगला वाजवला आज."

"सीफसकाका!"

"मला वाटलं, तुझं ठरलेलं असेल. डोळे मिटलेल्या माणसाला आमच्यात कुणी हलवत नाही."

बेतो हसायला लागला. होसे हसला नाही. त्याने स्पीकर जरा जोरातच ठेवला.

सोमवारी संध्याकाळी एलोइसाने मावशीला फोन लावला. तिया एनेडिना दक्षिणेला कॉर्पस शहराजवळ मुलीकडे राहते. ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलते.

"आजोबांनी तो वॉल्ट्झ कुठून आणला, तिया?"

"कुठून म्हणजे? कापसातून!"

"नीट सांग ना."

"नीटच सांगतेय. दर ऑगस्टला कापूस वेचायला वर उत्तरेला जायचो आम्ही. तिथे एक चेक लोकांचा हॉल होता, त्याच्या कुंपणामागे आमचे तंबू. आठवड्यातून एकदा त्यांचा नाच. आम्ही बाहेर बसून ऐकायचो."

"आत नाही जायचात?"

"जायचो की! दुसऱ्या दिवशी झाडायला." मावशी स्वतःच्याच बोलण्यावर खूप वेळ हसली. मग म्हणाली, "शेवटी ते एक वॉल्ट्झ वाजवायचे. तो वाजला की गोरे लोक गाड्यांत बसून जायचे. आवारातला दिवा तेवढा राहायचा. मग बाबा पेटी काढायचे आणि आधी तोच वॉल्ट्झ वाजवायचे. कानात ताजा असायचा ना. त्यांचं संपलं की आमचं सुरू. माझं लग्न त्याच आवारात लागलंय, माहितेय का तुला? त्या दिव्याखाली. पहिला नाच तोच. तेव्हापासून आपल्याकडे पहिला तोच."

"हॉलचं नाव काय होतं?"

"नाव कोण वाचतंय, मिहा, माझ्या पोरी. आम्ही मागच्या बाजूला असायचो."

मंगळवारी कमिटी बसली. हॉलच्या बारमध्येच, दोन टेबलं जोडून. अल्बिना, एर्विन, धान्याचं दुकान चालवणारा तरुण लिओनार्ड यांडा आणि आणखी काही जण. एलोइसाला बोलावलं होतं. तिला बसायला खुर्ची दिली, बिअर दिली, आणि रविवारचे उरलेले कोलाचेही पुढे केले.

लिओनार्ड म्हणाला, "मला तर मजा वाटली. माझे बाबा घरी जाऊन सरळ झोपले. सहाला उठून विचारतात, नाश्त्याला काय आहे?"

कुणी हसलं नाही, म्हणून त्याने एक कोलाचे तोंडात घातला.

एलोइसाने मावशीचं सगळं सांगितलं. कुंपण, तंबू, झाडू, दिवा. जसं ऐकलं तसं सांगितलं. हॉल हाच, असं तिने म्हटलं नाही. मावशीला नाव माहीत नव्हतं, हेही सांगितलं.

एर्विन टेबलाकडे बघत होता. अल्बिना म्हणाली, "हॉल तेव्हा माझे वडील बघायचे. आवारातला दिवा ते नेहमी विसरायचे. आई त्यावरून त्यांचं डोकं खायची. वीज काय तुमच्या बापाची आहे का, म्हणायची. आणि ते म्हणायचे, विसरलो."

ते विसरायचे की मुद्दाम चालू ठेवायचे, हे आता कुणाला विचारता येण्यासारखं नव्हतं.

"मग तुमचं काय म्हणणं आहे, मिस अल्बिना?" एलोइसाने विचारलं.

"माझं म्हणणं सोपं आहे. तुझे आजोबा चांगले माणूस असतील. तू गातेस चांगलं, आणि त्या व्हिटलोसारखी स्टील मी जन्मात ऐकली नाही. पण आम्ही माणसं पुरतो तेव्हाही हाच वॉल्ट्झ वाजतो. माझ्या नवऱ्याची शवपेटी यावरच उचलली. मी परवा स्वयंपाकघरात मुरंबा ढवळत होते आणि एकदम तो कानावर आला, भर दुपारी. मला वाटलं, कोण गेलं? तो वॉल्ट्झ चार वाजता वाजवता येत नाही."

"आमच्याकडे त्यावर लग्नं लागतात."

"लागू देत. घरी."

"घरी लागली नव्हती. आवारात लागली होती."

त्यावर अल्बिनाने कोलाचेचा ट्रे उगाचच सरळ केला. बाकीच्यांनी बिअर प्यायली.

तासभर बोलणं झालं. निर्णय असा झाला: बँडला आणखी एक रविवार द्यायचा. तो नीट गेला तर जागा कायमची. अट एकच. तो वॉल्ट्झ बँडने वाजवायचा नाही, कुठल्याही भाषेत, कुठल्याही वेळी. तो एर्विनचा. लिओनार्डने अट काढून टाकावी असं सुचवलं. त्याच्या बाजूने त्याचाच हात वर गेला. एर्विनने कुठल्याच वेळी हात वर केला नाही.

एलोइसा ट्रकपाशी पोचली तेव्हा एर्विन मागून आला. उंच, वाकलेला माणूस. त्याने आजूबाजूला पाहिलं, तोंडात बोट घातलं आणि वरची दातांची कवळी काढून तिच्यासमोर धरली.

"हे बघ," तो बोबडं बोलला. मग कवळी परत बसवली. "इस्टरला केली. हॉर्नला ओठ धरतच नाही. शेवटच्या वॉल्ट्झमध्ये हल्ली मी निम्मी हवाच फुंकतो."

"मग लोकांना कळत कसं नाही?"

"ते मनातल्या मनात भरून घेतात. इतकी वर्षं ऐकलाय, ऐकायची गरज काय आता? पण हे किती दिवस चालेल? तू माझ्या सुराखाली अकॉर्डियन धर. हळू. मी उभा राहतो, गाल फुगवतो. सूर तुझा."

"मिस्टर एर्विन, आत्ता तर कमिटीने मला तो वाजवायची मनाईच केलीय. तुम्ही तिथेच बसला होतात."

"बसलो होतो. बोललो का काही?"

"आत बोलायचं होतं मग."

"आत बोललो तर अल्बिना पुढच्या रविवारी रेकॉर्ड लावेल. वहिनी आहे माझी, ओळखतो मी तिला. ती रेकॉर्ड लावेल आणि मला बसायला चांगली खुर्ची देईल. मला खुर्ची नको."

एलोइसाने ट्रकचं दार उघडलं आणि तसंच धरून उभी राहिली. "तुम्ही मला तो शेवटचा म्हणून वाजवायला सांगताय. माझ्या आजोबांचा तो पहिला होता."

"माहितेय. आत ऐकलं मी."

"म्हणजे मी तुमच्या लोकांना घरी पाठवायला वाजवायचा. त्यांच्यानंतर कोण सुरू करणार? आवारात आता कुणी नसतं."

"मग पहिलाही वाजव. दोन वाजायच्या आधी, दार उघडण्यापूर्वी. मी किल्ली घेऊन येतो. आत कुणी नसेल."

"रिकाम्या हॉलमध्ये कुणाचं लग्न लावू मी?"

"शनिवारपर्यंत सांग," म्हणून तो निघाला. चार पावलं जाऊन वळला. "त्या वळणावर तू एक जादा सूर घेतेस. तिसऱ्या ओळीत. आमच्यात नाही तो."

"आजोबांचा आहे."

"चांगला आहे," एर्विन म्हणाला आणि गेला.

बुधवारी एलोइसाने होसे आणि बेतोला अट सांगितली, एर्विनचं बोलणं सांगितलं नाही. होसे म्हणाला, "एक गाणं सोडायचं आणि रविवार मिळतो. यात विचार कसला करतेस?" बेतो म्हणाला, "गाणं तिचं आहे, तुझं काय जातंय?" त्यावरून दोघांचं वाजलं. शेवटी होसे म्हणाला की ह्यूस्टनवाल्यांना तो सोमवारी उत्तर देणार आहे, रविवारी काय होतं ते बघून.

एर्विनचं तिने फक्त सीफसला सांगितलं. सीफसने बराच वेळ स्टीलच्या तारा फडक्याने पुसल्या.

"चर्चमध्ये आमचा म्हातारा स्टीलवाला होता," तो म्हणाला. "हात कापायला लागले त्याचे. मी मागे बसून वाजवायचो, तो पुढे बसायचा. वर्षभर. सगळ्या मंडळींना माहीत होतं. कुणी बोललं नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं नाही? तुमचं वाजवणं त्याच्या नावावर?"

"वाटलं. रोज वाटलं." त्याने फडकं घडी घालून ठेवलं. "पण ते भजन आमच्या दोघांचं एकाच जागी होतं. त्याचं शेवटचं आणि माझं पहिलं, असं नव्हतं. तुझं अवघड आहे. मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू?"

"कुणालाच नको. आणि वाजवशील तेव्हा डोळे उघडे ठेव."

शुक्रवारी हॉलच्या समोरच्या पाटीवर बँडचं नाव लागलं. अक्षरं लिओनार्डने लावली. बारिएंतोसच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर कमी पडला, तो त्याने दुकानातून कापून आणला. अल्बिनाने एलोइसाला फोन करून विचारलं की स्टीलवाल्याला खसखशीचा कोलाचे चालतो का, की जर्दाळूचाच हवा. अटीबद्दल तिने काही विचारलं नाही. एलोइसानेही काही सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी सीफसच्या गॅरेजमध्ये सराव झाला. दोन्ही भाऊ आले. नेहमीची गाणी झाल्यावर एलोइसाने वॉल्ट्झ धरला. एकदा शब्दांसह, नाचाच्या चालीत. एकदा नुसता अकॉर्डियनवर, खूप संथ. दुसऱ्यांदा तिने तिसऱ्या ओळीतला तो जादा सूर घेतला आणि मग थांबून तीच ओळ त्याच्याशिवाय वाजवून पाहिली.

"उद्या हा आहे की नाही?" होसेने विचारलं.

"उद्या सांगते."

संध्याकाळी एर्विनचा फोन दोनदा वाजून गेला. तिने तो घेतला नाही. रविवारी हॉलचं दार दोन वाजता उघडतं. त्याआधी आत जाऊन तो पहिला म्हणून वाजवायचा असेल, तर किल्ल्या दोनच आहेत, एक अल्बिनाकडे आणि एक एर्विनकडे.